पुसदचा जफर

विठ्ठलरावांचा फोन माझ्या काचेच्या काउंटरवर थरथरत पुढे सरकत होता, आणि त्यातून माझी बायको त्यांना नावानं हाका मारत होती.

"विठ्ठलराव, कोणीतरी वाट पाहून राह्यलं. उचला न जी."

विठ्ठलराव उचलत नव्हते. दिग्रसच्या कापूस बाजारातले हे जुने दलाल, साठी उलटलेली, डोक्यावर स्वच्छ टोपी. दोन्ही हात मागे बांधून, मान जराशी तिरकी करून ते ऐकत उभे होते. फोन वाजून वाजून गप्प झाला.

"उचलला काहून नाही?" मी विचारलं.

"उचलून काय करू? भाव विचारते कोणीतरी. सांगाले भाव हाय कुठं औंदा? तो करते पुन्हा." मग काउंटरवर वाकून त्यांनी आवाज खाली आणला. "जफरभाई, ही बाई कुठची असंन? नागपूरची असंन न?"

"कंपनीची हाय," मी म्हणालो.

"कोणाची का असंना. सकाळी एकदा तिनं राव म्हटलं का दिवस बरा जाते माह्या."

मी हसलो. दुकानदाराला हसावंच लागतं. पण खरं सांगायचं तर तो फोन उचलून समोरच्या नालीत भिरकावून द्यावा, अशी माझी इच्छा होती. कंपनीची ती बाई त्या वेळी माझ्यापासून चार हातांवर, हिरव्या पडद्याच्या पलीकडे तुरीची डाळ निवडत बसली होती.

'तमन्ना मोबाइल' म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. नाव मुलीचं. धंदा गाणी भरण्याचा, आणि त्यातही खासियत रिंगटोनची. लोक फोनला आख्खं गाणं लावायचे आणि आवडती ओळ यायच्या आधीच फोन कट व्हायचा. माझ्याकडे कॉम्प्युटर होता. गाणं उघडलं की स्क्रीनवर त्याची उंच-सखल लहर दिसते. तिच्यातला हवा तो तुकडा कापायचा, सुरुवात हळूच चढवायची, शेवट हळूच उतरवायचा आणि सगळं तीस सेकंदांत बसवायचं. या कामात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. नव्या टचस्क्रीनच्या फोनवाले आर्णीहून यायचे.

नावाचे टोन सुरू झाले ते उकंडामुळे. उकंडा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसायचा. फोन वाजताना आपलं नाव घेतलं जावं अशी त्याला हौस. इंटरनेटवर असे तयार टोन मिळायचे, पण सगळे शहरातल्या पोरापोरींच्या नावांचे. उकंडा त्यात कुठून असणार? आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचललं आणि तेच नाव दिलं, की असल्या नावाकडे मरण ढुंकूनही पाहणार नाही. तो काउंटरपाशी उभा राहून म्हणाला, "माह्या नावात खराबी काय हाय जफरभाई? आईनं देल्लं नाव हाय." मला त्याची दया आली. मी पडद्याआड गेलो आणि शमसुन्निसाला म्हणालो, "एवढं एक बोलून दे."

शमसुन्निसा बोरी अरबची. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. आमची घरातली बोली म्हणजे अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी. पण वऱ्हाडी तिच्या तोंडात माझ्यापेक्षा जास्त गोड लागते. चिठ्ठीवरचं नाव वाचून तिनं विचारलं, "माणूस कसा हाय?"

"माणसाचं काय करायचं? नाव घ्यायचं हाय फक्त."

"मले मालूम झाल्याशिवाय कसं बोलू? रागीट हाय का सरळ?"

"सरळ हाय. कामात गढला का त्याले काही आयकू येत नाही."

तिनं दुपट्टा सारखा केला, माइक ओठांजवळ घेतला आणि म्हणाली, "उकंडाभाऊ, काटा ठेवा बाजूले. फोन वाजून राह्यला." बस, एवढंच. मी त्याखाली बासरी घातली.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. जिनिंगवाले मनात आलं की खरेदी बंद करायचे, आणि दारव्हा रोडवर गाड्यांची रांग दोन-दोन दिवस जागची हलायची नाही. माणसं कापसावर आडवी पडून फोनशी खेळत बसायची. अशा रांगेसमोर उकंडाचा फोन वाजला. आठवड्याभरात माझ्या काउंटरवर चिठ्ठ्यांचा ढीग पडला. पुंडलिकराव, भागीरथा, नाव आणि गाव. ज्यांचा कापूस विकला जात नव्हता त्यांनाही आपलं नाव कोणीतरी नीट घ्यावं असं वाटत होतं, यात मला नवल वाटलं नाही. नवल मला पुढे माझं स्वतःचं वाटलं.

कारण शमसुन्निसा प्रत्येक चिठ्ठीला तोच प्रश्न विचारायची. माणूस कसा हाय? पुंडलिकराव मास्तर तापट आहेत म्हटल्यावर तिचा आवाज मऊ व्हायचा. भागीरथाबाईंना कमी ऐकू येतं म्हटल्यावर ती जोरात बोलायची. कोणी नुकताच आजारातून उठलेला असला तर "सावकाश उचला, घाई नाही" असं पदरचं घालायची. आणि मी जेवताना काही विचारलं तर "हूं" म्हणायची. कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या मास्तरच्या स्वभावाचा तिला विचार, आणि अकरा वर्षं समोर ताटावर बसणाऱ्या माणसाला एक "हूं". मी जळायला लागलो. हे लपवण्यात अर्थ नाही. मी उघड्यावर ठेवलेल्या गुळासारखी माझी बायको पंचक्रोशीत ठेवून दिली होती, आणि मुंग्या आल्या म्हणून मीच ओरडत होतो.

ओरडत म्हणजे मनातल्या मनात. बाहेर मी ती कंपनीची बाई आहे असं सांगून बसलो होतो. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या खिशातून ती बोलायची. चहाच्या टपरीवर बोलायची. एकदा तर मशिदीच्या पायऱ्यांवर चपला घालताना कोणाच्या तरी खिशातून बोलली, आणि मौलानासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग मी एक युक्ती केली. टोन बनवणाऱ्याच्याच डोक्यात येईल अशी. तिचा आवाज मी सुरुवातीला लावायचा सोडून शेवटी ढकलला. आधी सव्वीस-सत्तावीस सेकंद नुसतं गाणं, आणि अगदी शेवटी तिचं बोलणं. माझा हिशेब असा, की तिथपर्यंत कोण थांबतो? माणूस गाण्यातच फोन उचलेल, आणि माझी बायको फाइलमध्ये पडून राहील. टोन दिला असंही होईल आणि ऐकलाही जाणार नाही. जुन्या गिऱ्हाइकांनाही मी बोलावून बोलावून नवे टोन फुकट भरून दिले. "कंपनीनं सुधारलं," असं सांगितलं.

झालं ते उलटंच. दिग्रसमध्ये कोणी फोन उचलेनासं झालं. तिचा आवाज येईपर्यंत लोक थांबायचे, आवाज आला की फोन कट, की मग समोरच्यानं पुन्हा लावायचा. रांगेतल्या माणसांना घरच्यांचे निरोप पोचेनात. मैनाबाई नावाची एक बाई थेट दुकानात आली. तिचा नवरा दोन दिवसांपासून गाडीपाशी होता.

"काय करून ठेवलं बाप्पा तुमी त्या फोनले?" ती म्हणाली. "गाय व्याली, हे सांगाले म्या त्याले नऊ खेपा फोन केला. म्हणते, आयकत होतो. अरे, काय आयकत होता?"

पडद्याआडून शमसुन्निसाचं हसणं ऐकू आलं. मला ते मुळीच आवडलं नाही. मी सगळे टोन पुन्हा पहिल्यासारखे केले.

या सगळ्यात माझ्या फोनवर काय होतं? काहीच नाही. कंपनीनं दिलेली घंटी. चारशेवर नावं तिनं घेतली होती. त्या फोल्डरमध्ये अकारापासून हकारापर्यंत माणसं होती, पण जफर नव्हता. तिनं माझं नाव कधी घेतलंच नव्हतं. आमच्यात काय आणि तुमच्यात काय, नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मलाही ठाऊक होतं. तमन्ना व्हायच्या आधी ती मला "आयकलं का" म्हणायची, मग "तमन्नाचे अब्बा" म्हणायला लागली. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण चारशे जणांची नावं गोड होताना पाहिली, आणि मला माझं पाहिजे झालं.

"एक टोन माह्यासाठी बोल," मी एकदा म्हणालो.

"तेवढं सोडून बोला."

"दुनियेचं नाव घेतं, माह्यं काहून नाही?"

"दुनिया काय माह्या नवरा हाय का?" ती म्हणाली आणि चूल सारखी करायला गेली. तिला वाटलं विषय संपला.

विषय संपला नव्हता. आठ दिवस मी तो मनात घोळवला. नवव्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नाही असं पाहून, मी एक चिठ्ठी लिहिली. 'जफर सेठ, पुसद.' पाच-सहा चिठ्ठ्यांच्या मध्ये घालून ती पडद्याआड दिली, आणि हेडफोन लावून बसलो. चोरी करत असल्यासारखा मी दाराकडे पाहत होतो. करतच होतो म्हणा.

तिनं पहिल्या दोन चिठ्ठ्या केल्या. मग पडद्याआडून आवाज आला, "हा पुसदवाला कोण हाय?"

"बांगड्यांचा व्यापारी हाय. नवीन गिऱ्हाईक."

"माणूस कसा हाय?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. खरं सांगितलं असतं तर तिनं ओळखलं असतं, असं मला वाटलं. म्हणून मी सुधारून सांगितलं.

"चांगला हाय. हसतमुख. कोणावर आवाज चढवत नाही."

"बायकोचं आयकते का?"

"आयकते. दोनदा सांगा लागत नाही."

"लेकरं?"

"एक पोरगी. तिच्यावर जीव हाय त्याच्या. बाहेरगावी गेला का बायकोसाठी काही ना काही आणते. इसरत नाही."

"बरं," ती म्हणाली. मग, "दाबा बटन."

मी बटन दाबलं.

"जफर साहेब... कवापासून आवाज देऊन राह्यली. आता तरी आयका न जी."

स्क्रीनवर लहर उमटली आणि थांबली. मी हेडफोन काढायचं विसरून बसून राहिलो. असा आवाज तिनं कोणालाच दिला नव्हता. मास्तरला नाही, विठ्ठलरावांनाही नाही. त्यात थोडं हसू होतं, थोडा लटका राग होता, आणि नावाची दोन्ही टोकं तिनं अशी हळुवार धरली होती की माझं नाव इतकं बरं आहे हे मला चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. मी ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. सात-आठ वेळा ऐकल्यावर माझ्या डोक्यात तो आला. पुसदवाला.

हे तिनं मला कुठे म्हटलं होतं? हे ती त्याला म्हणाली होती. त्या हसतमुख, बायकोचं ऐकणाऱ्या, बांगड्यांच्या व्यापाऱ्याला. मी त्याला फारच चांगला सांगितला होता. अकरा वर्षं जे नाव ओठांवर आलं नाही, ते एका परक्यासाठी पाच मिनिटांत आलं, आणि असं आलं. विठ्ठलराव म्हातारा आहे, त्याचं मी सोडून देत होतो. हा माझ्याच वयाचा होता. दिसायलाही बरा असणार. तो जगात नाही, मीच त्याला केला, हे मला कळत होतं, पण त्यानं राग कमी होत नव्हता. उलट वाढत होता, कारण भांडायला तो समोर येणारही नव्हता.

मी पडदा ओढला. ती माइक हातात धरून भिंतीला टेकून बसली होती. गाल लाल झालेले. माझ्याकडे पाहून ती हसली.

"पुसदवाल्याशी इतकं गोड बोलाचं काम होतं का?" मी म्हणालो.

तिचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला अर्थ गेला. "काय?"

"कवापासून आवाज देऊन राह्यली म्हणतं त्याले. कवापासून? कोण लागते तो तुह्या? माह्या नावाचा माणूस भेटला तं त्याच्याशी लाडात बोलाले जमलं, अन् म्या म्हटलं तं तेवढं सोडून बोला."

आणखीही बोललो. ते लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता मी कॉम्प्युटरशी गेलो, ती फाइल मिटवली, कचरापेटीतूनही मिटवली, आणि मॉनिटर धरून तिच्याकडे वळवला. "पाह्य. गेला तुह्या पुसदवाला."

तिनं मॉनिटरकडे पाहिलं. रडली नाही. माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमचं अक्षर मले वळखू येत नाही का?" ती म्हणाली. "तुमाले बांगड्यांचा भी एक व्यापारी माहीत नाही. म्या तं चिठ्ठी पाह्यल्याबरोबर समजली."

मी मॉनिटर सोडला.

"अम्मी म्हणे, नवऱ्याचं नाव घेतलं का त्याची उमर घटते. खरं का खोटं, अल्लाले मालूम. पण आजूबाजूले पाहता न तुमी, या सालात बायका कश्या अचानक एकट्या होऊन राह्यल्या. डर वाटे मले. मंग तुमी तो पुसदवाला आणला. म्या म्हटलं, आता काही डर नाही. त्याच्या नावावर घेऊ. लागलं तं त्याले लागंन, अन् आयकसान तुमी. म्हणून म्या त्याचं सगळं इचारून घेतलं. बायकोचं आयकते, म्हटलं तुमी. म्या म्हटलं, चला, मालूम तं हाय यायले कसं असा लागते."

मला बसायला काही सापडेना. मी उभाच राहिलो.

"मंग आता घे न," मी म्हणालो. "आता काही म्हणत नाही. पुन्हा एकदा घे."

"आता कोणाच्या नावावर घेऊ? तुमी तं त्याले मिटवून टाकलं. आता घेतलं तं सीधं तुमाले लागंन."

तिनं माइकची लांब वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळली, सुतळी गुंडाळतात तशी, आणि माझ्या हातात दिली. "नावं आता तुमीच घ्या," ती म्हणाली, आणि पडदा पुन्हा ओढून घेतला.

तेवढ्यात मुकुटबनकडची तीन-चार माणसं मेमरी कार्ड घेऊन आली. तोंड लपवायला काम बरं असतं. मी संध्याकाळपर्यंत त्यांची गाणी कापत बसलो, एकामागून एक, कधी नव्हे इतकी. तीच माझी दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा पोत्यात बांधून मी एसटीनं दारव्ह्याला गेलो. तिथे भावसिंग राठोड मिटलेल्या फाइली काढून द्यायचा. त्यानं मशीन जोडली आणि विचारलं, "मिटवल्यावर लगेच बंद केली होती?"

"नाही. काम केलं त्याच्यावर. गाणी कापली."

"मंग संपलं, जफरभाई. मिटवलेलं लगेच जात नाही, जागेवरच राहते. पण त्या जागेवर तुमी दुसरं लेहलं. तुमच्याच गाण्यायनं खाल्लं असंन ते." त्यानं तरी दुपारपर्यंत खटपट केली. शेवटी एक बारीकसा तुकडा निघाला. पुरा एक सेकंदही नव्हता. "यात काही बोलणं नाही," तो म्हणाला. "ठेवू का फेकू?"

मी हेडफोन लावला. नाव घ्यायच्या आधी तिनं श्वास घेतला होता, तेवढाच वाचला होता. नाव जिथे सुरू व्हायचं तिथे फाइल तुटलेली होती.

"ठेव," मी म्हणालो.

शमसुन्निसानं त्यानंतर एकही नाव घेतलं नाही. भांडण नाही, अबोलाही नाही. जेवायला वाढते, तमन्नाच्या फीची आठवण देते, डाळ निवडते. कंपनीची बाई कुठे गेली म्हणून लोक विचारायचे. मी म्हणायचो, बदली झाली. विठ्ठलरावांनी तर खोदून विचारलं, "कुठं झाली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पुसदले." ते बराच वेळ पुसदच्या दिशेला बघत राहिले, आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या फोनमध्ये ती अजून बोलते. उकंडाच्याही. चारशे माणसांकडे ती आहे.

माझ्या फोनला मी तो तुकडा लावला आहे. फोन आला की त्यातून ती श्वास घेते, थांबते, पुन्हा श्वास घेते. दुकानातल्या माणसाला वाटतं फोन बिघडला.

परवा जेवताना तो वाजला. तमन्ना घास हातात धरून ऐकत बसली. "अब्बा, तुमच्या फोनमधून कोणी काही सांगणार हाय का?"

शमसुन्निसा तव्यावरची भाकरी उलटत होती. तिचा हात जरासा थांबला. तिनं ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिनं वर पाहिलं नाही.

"नाही बेटा," मी म्हणालो. "सांगत होती. म्याच आयकलं नाही."

तिनं भाकरी काढून माझ्या ताटात वाढली. मी फोन उचलला. कापसाच्या रांगेतलं कोणीतरी होतं, गाणं भरायचं होतं म्हणे.